डाव्या मिशीचा केस

मावशींना रडू येत नव्हतं आणि याची काळजी मावशी सोडून सगळ्यांना लागली होती. नवरा जाऊन अकरा आठवडे झाले होते. नणंद रोज संध्याकाळी फोन करायची, इकडचं तिकडचं बोलायची आणि शेवटी आवाज खाली आणून विचारायची, "वहिनी, आज तरी रडलात का?" एखादी गोळी घ्यायची राहून गेल्यासारखं. शेजारच्या बाई येऊन समोर बसायच्या, मावशींच्या गुडघ्यावर हात ठेवायच्या आणि स्वतःच घळाघळा रडून मोकळ्या व्हायच्या. मावशी त्यांना पाणी द्यायच्या, रुमाल द्यायच्या, दारापर्यंत सोडायला जायच्या. दार लावलं की गॅस पुसायला घ्यायच्या.

दुःख लपवत होत्या असंही नाही. लपवायला हाताशी काही असावं लागतं. त्यांना काही वाटतच नव्हतं. जेवणाला चव होती, पाणी गरम की गार ते कळत होतं, पायाला ठेच लागली तर रक्त यायचं. पण आत सगळं बधिर होतं. दात काढून आल्यावर गाल असतो ना, हात लावला की आपलाच आहे हे कळतं पण पटत नाही, तसं. पंधराव्या दिवशी त्या प्रयोगशाळेत कामावर हजर झाल्या तेव्हा तिथले सर म्हणाले, "अहो, एवढ्या लवकर कशाला आलात?" मावशी म्हणाल्या, "ट्रे बघायचे राहिलेत." सरही मग ट्रेच बघायला लागले.

मावशींचं काम थेंब टांगायचं. बावीस वर्षं त्या हेच करत होत्या. प्रोटीन म्हटलं की लोकांना दूध, अंडी आणि दंड फुगवणारी पोरं आठवतात. मावशींच्या प्रयोगशाळेत प्रोटीन म्हणजे एक माळ. वीस तऱ्हांचे मणी, कुठला मणी कुठल्यानंतर हे ठरलेलं. ही माळ पेशीत तयार झाली की आपली आपण वळते, दुमडते, घडी घालून बसते, आणि जशी घडी बसेल तसं तिचं काम. एखादी रक्तातून प्राणवायू वाहून नेते, एखादी स्नायू ओढते, एखादी बाहेरच्या जंतूची गचांडी धरते. घडी चुकली की काम बोंबललं. म्हणून घडी बघायची. पण ती दिसेल इतकी मोठी नसते. मग लाखो-करोडो माळांना एका ओळीत, एकाच बाजूला तोंड करून उभं करायचं, म्हणजे स्फटिक करायचा, आणि त्यातून क्ष-किरण सोडायचे. किरण कसे विखुरतात त्यावरून हिशेब मांडून घडी ओळखायची.

हे सांगायला सोपं. प्रोटीनला मात्र ओळीत उभं राहायची काही हौस नसते. त्यासाठी काचेच्या छोट्या चकतीवर प्रोटीनचा एक थेंब ठेवायचा, मोहरीहून लहान. त्यात मिठाच्या पाण्याचा तेवढाच थेंब मिसळायचा. चकती उलटी करून मिठाच्या पाण्याच्या वाटीवर झाकण म्हणून बसवायची आणि कडेला ग्रीस लावून हवा बंद करायची. अशा वाट्यांचा एक ट्रे. थेंब उलटा लोंबत राहतो. त्यातलं पाणी हळूहळू खालच्या वाटीकडे जातं, थेंबात दाटी होते. दाटी घाईनं झाली तर प्रोटीन भांबावतं आणि नासलेल्या दुधासारखा गाळ होतो. सावकाश झाली तर, नशीब असेल तर, एका कोपऱ्यात काहीतरी लुकलुकतं. मावशींच्या हाताला ते नशीब होतं. लांबलांबचे लोक आपली प्रोटीनं डब्यात घालून त्यांच्याकडे पाठवायचे.

यंदा हे सगळं ज्या मुलीसाठी चाललं होतं तिला सगळे धांदल म्हणायचे. पीएचडीचं पाचवं वर्ष, चष्मा केसांत खोचलेला आणि तोच शोधत फिरणारी. तिच्या वाट्याला आलेलं प्रोटीन एका जंतूचं होतं आणि त्याचं काम दुसऱ्या प्रोटीनांचे तुकडे करायचं. कात्रीच म्हणा ना. मावशींनी घरी हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला होता, "म्हणजे आमच्याच धंद्यातलं निघालं की!"

नवऱ्याचं सलून होतं. दोन खुर्च्या, तीन आरसे आणि एक बाक, ज्यावर केस कापायला आलेल्यांपेक्षा गप्पा मारायला आलेलेच जास्त बसायचे. माणूस बडबड्या. बायकोच्या कामाबद्दल घरी ऐकलेलं दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांना सांगायचा, तेही आपण स्वतः शोध लावल्याच्या थाटात. "केस म्हणजे काय? प्रोटीन! सरळ केस कुरळे करतो म्हणजे मी काय करतो? आतले सांधे तोडतो, केस रुळावर गुंडाळतो, आणि नव्या जागी सांधे परत जोडतो. यालाच शास्त्र म्हणतात." केस कापताना भोकाड पसरणाऱ्या मुलांना म्हणायचा, "अरे वेड्या, केस मेलेला असतो. म्हणून तर कापला तरी दुखत नाही. जिवंत असतं ते मूळ." केस गळतात म्हणून घाबरलेली माणसं कागदाच्या पुड्यांतून केस आणून दाखवायची. तो केस उजेडात धरून मूळ बघायचा. आपण होऊन गळलेल्या केसाचं मूळ टाचणीच्या डोक्यासारखं, पांढरं, गोल, कोरडं. ओढून काढलेल्या केसाच्या मुळाला ओलसर आवरण, मोजा घातल्यासारखं. मोजा दिसला की तो पुडी परत द्यायचा. "साहेब, हे गळलेले नाहीत. काळजीनं तुम्हीच उपटून आणलेत. जा, झोपा निवांत."

एवढा केसांतला दर्दी, पण त्याची स्वतःची मिशी म्हणजे बाकावरच्या मंडळींना रोजची करमणूक. उजवी बाजू भरघोस, मेण लावून वर वळवलेली. डावी विरळ आणि टोकाला अस्ताव्यस्त, कात्री न लागल्यासारखी. "दुकानाची पाटीच अशी वाकडी, तर गिऱ्हाईक कसं यायचं?" असं कुणी म्हटलं की याचं उत्तर ठरलेलं असायचं. "स्कूटरवर वारा डावीकडून लागतो." सगळे हसायचे. मावशीही हसायच्या.

त्या मिशीचा मावशींच्या कामाशी संबंध होता. थेंबात स्फटिक आपण होऊन धरत नसेल तर बी पेरावं लागतं. जुन्या थेंबात बारीक, सुईसारखे कामाचे नसलेले स्फटिक आलेले असतात. त्यांना केसाच्या टोकानं नुसता स्पर्श करायचा. टोकाला डोळ्यांना न दिसणारे कण चिकटतात. मग तोच केस नव्या थेंबातून एकदाच, अलगद, एका रेषेत ओढायचा. रेषेवर जिथे कण पडला तिथे स्फटिक धरतो. यासाठी केस ताठ हवा आणि टोकाकडे निमुळता होत गेलेला हवा. कापलेला चालत नाही, त्याचं टोक बोथट असतं आणि थेंब फाटतो. जगभर या कामाला मांजराची मिशी वापरतात. मावशींनी बावीस वर्षांपूर्वी हे घरी सांगितलं तेव्हा नवऱ्यानं मिशीवरून हात फिरवला. "मांजर कशाला? घरात वाघ आहे."

दोन दिवसांनी तो ब्लेडच्या कागदात एक केस गुंडाळून घेऊन आला. "आज मेण लावताना गळला. उचलून आणला." केस नंबर एक निघाला. तेव्हापासून दर पाच-सहा महिन्यांनी, जुन्या केसाचं टोक झिजलं की, ब्लेडचा कागद यायचा. "गळला होता, आणला." प्रयोगशाळेत आणल्यावर मावशी तो स्पिरिटमध्ये धुवायच्या, मग शुद्ध पाण्यात, मग मुळाकडची बाजू काचेच्या नळीत मेणानं पक्की करायच्या. धुणं महत्त्वाचं. केसावरचं तेल, मेण, कातडीचा कण, काहीही थेंबात गेलं तर प्रोटीन भांबावलं म्हणून समजा. नव्या पोरांना मावशी पहिल्याच दिवशी हे दटावून सांगायच्या.

शेवटचा ब्लेडचा कागद एका मंगळवारी आला होता. त्या वेळी जुना केस चांगला होता, म्हणून मावशींनी तो पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून दिला. गुरुवारी दुपारी नवरा सलूनमध्ये एकाची दाढी अर्धी करून खुर्चीच्या हाताला टेकला आणि तसाच खाली बसला. गिऱ्हाईक अर्ध्या तोंडाला फेस लावून त्याला उचलून दवाखान्यात घेऊन गेलं. काही उपयोग झाला नाही.

कागद पर्समध्येच राहिला. उघडला नव्हता, काढलाही नव्हता.

आता धांदलचं असं होतं की तिची तारीख आली होती. क्ष-किरणांचं मोठं यंत्र दुसऱ्या शहरात होतं आणि तिथं पाळी लागायची. प्रयोगशाळेला दोन दिवस मिळाले होते, एकोणीस दिवसांनी. ते हुकले तर पुढची पाळी पुढच्या वर्षी, आणि धांदलची मुदत त्याआधीच संपत होती. म्हणजे पाच वर्षांचं काम हवेत. थेंबांत मात्र नुसत्या सुया येत होत्या. बी पेरायलाच हवं होतं. आणि सोमवारी सकाळी धांदलनं घाईघाईत केस बसवलेली नळी धुवायला घेतली, कागदानं पुसली, आणि केस कागदाबरोबर निघून आला. दोन तुकडे.

"मावशी," ती दारात उभी राहून म्हणाली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "मावशी, मी केस तोडला."

हा केस कुणाचा हे तिला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. मावशींनी तुकडे बघितले. वाईट वाटायला हवं हे त्यांच्या लक्षात आलं. "असू दे," त्या म्हणाल्या. "मांजर शोध."

दोन दिवस धांदल मांजरांच्या मागे होती. वॉचमनच्या मांजरीनं तिला बोचकारलं. शेवटी वॉचमननंच मांजरीच्या गोणपाटातून गळलेल्या तीन मिशा वेचून दिल्या, वर "जपून वापरा हो" असं बजावलं. पण मिशा जाड निघाल्या. थेंब इतका लहान की पहिल्या मिशीनं तो चकतीवर पसरला, दुसरीनं इतके कण टाकले की पुन्हा सुयाच सुया. तिसरी कुठे गेली ते धांदललाच माहीत. प्रोटीन संपत चाललं होतं. चोवीस थेंबांपुरतं उरलं होतं आणि नवीन करायला महिना लागला असता.

"माझ्याकडे एक आहे," गुरुवारी मावशी म्हणाल्या.

धांदलनं मान वर केली.

शुक्रवारी सकाळी मावशी थंड खोलीत एकट्या बसल्या. तिथं चार अंश असतं, स्वेटर घालून बसावं लागतं. त्यांनी चिमट्यानं ब्लेडचा कागद उघडला. केस होता. आणि त्या मेणाचा वास आला. सलूनमध्ये शेगडीवर वितळवून नवरा ते मेण स्वतः करायचा. घरातल्या उशीचा, टॉवेलचा, त्याच्या शर्टांचा वास नणंदेनं आल्या आल्या धुऊन टाकला होता, चांगल्या मनानं. हा एवढा एक राहिला होता, बोटभर लांबीच्या केसावर.

स्पिरिटची बाटली उजव्या हाताला होती. मावशींचा हात तिकडे गेला नाही. गहिवरून आलं वगैरे काही नाही. हात नुसता गेला नाही. एकदा न धुता वापरला तर काय मोठंसं, असं त्या मनाशी म्हणाल्या. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर त्यांनी त्याला उभा-आडवा झाडला असता. नळीत पक्काही केला नाही, कारण मेणात रुतवला की तो प्रयोगशाळेचा झाला असता. मूळ चिमट्यात धरलं, टोक सुयांना लावलं आणि सोळा थेंबांतून सोळा रेषा ओढल्या. हात अजिबात कापला नाही. केस परत कागदात, कागद पर्समध्ये.

सोमवारी सोळाही थेंबांत गाळ होता. वर साय धरल्यासारखा पापुद्रा.

सरांनी सूक्ष्मदर्शकातून एकेक थेंब बघितला आणि मान हलवली. "प्रोटीनच बिघडलेलं दिसतंय."

"माझंच चुकलं असणार," धांदल म्हणाली. "शेवटच्या वेळी मी घाई केली होती. प्रोटीन गाळताना. मला तेव्हाच वाटलं होतं." ती स्टुलावर बसली, चष्मा काढला आणि हातात धरून राहिली. "घरी काय सांगू आता? बाबा रोज विचारतात, झालं का, झालं का."

मावशी तिथेच उभ्या होत्या. बोलायला तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. त्या मूग गिळून ट्रेवरची तारीख पुसत राहिल्या, आणि सर धांदलच्या पाठीवर थोपटून निघून गेले. आपण एका पोरीच्या डोक्यावर आपलं पाप ठेवतोय हे त्यांना स्वच्छ कळत होतं. कळत होतं, पण टोचत नव्हतं. त्या रात्री त्यांना झोपही लागली, हे विशेष.

मंगळवारी सकाळी त्या आल्या तेव्हा धांदल टेबल आवरत होती. वह्या खोक्यात भरल्या होत्या. बर्फाच्या डब्यातून तिनं प्रोटीनची शेवटची नळी काढली होती, आठ थेंबांपुरतं उरलेलं, आणि बेसिनपाशी झाकण फिरवत उभी होती.

"काय करतेस?"

"टाकते. बिघडलेलं ठेवून काय करायचंय? डबा तरी रिकामा होईल."

"टाकू नकोस."

"मावशी, सर म्हणाले ना..."

"सरांना काय माहीत! टाकू नकोस म्हणते ना." मावशींचा आवाज स्वतःलाच परका वाटला. "प्रोटीन चांगलं आहे तुझं. मी केस धुतला नव्हता."

धांदलचा हात झाकणावर थांबला.

"विसरलात?"

विसरले म्हणणं सोपं होतं. पोरीनं ते ताट वाढून समोर ठेवलं होतं. "नाही," मावशी म्हणाल्या. "मुद्दाम नाही धुतला. वास होता त्याला. काल तू स्वतःला दोष देत होतीस तेव्हाही मी बोलले नाही. तुझे सोळा थेंब मी नासवले."

धांदल चिडेल असं त्यांना वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं नळीचं झाकण घट्ट लावलं, नळी परत बर्फात खोचली आणि खाली बघून म्हणाली, "मग राहू दे, मावशी. नका धुऊ. मी अजून एखादं मांजर बघते."

"दिवस किती राहिलेत?"

"अकरा."

"स्फटिक धरायला चार-पाच, वाढायला तेवढेच. मांजरं कसली बघतेस? चल."

थंड खोलीत दोघी स्वेटर चढवून बसल्या. धांदलनं उरलेल्या प्रोटीनचे आठ थेंब चकत्यांवर मांडले. मावशींनी कागद उघडला. केस एकदा नाकाशी नेला. नंतर स्पिरिटच्या वाटीत सोडला. वाटीत एक बारीकशी तेलकट रेघ सुटली, फिरली आणि विरून गेली. एवढंच. पुन्हा हुंगला तेव्हा दवाखान्याचा वास आला. मावशींनी आत कुठे काही हललं का ते चाचपून बघितलं. काही हललं नव्हतं. पाण्यातून काढून त्यांनी केस काचपट्टीवर आडवा ठेवला, मेण कुठे चिकटून राहिलंय का ते बघायला. एकदा हात पोळल्यावर आता त्या डोळ्यांत तेल घालून बघणार होत्या. सूक्ष्मदर्शक टोकावर लावला. टोक सुरेख, निमुळतं, कात्री कधी न लागलेलं. तिथून पट्टी हळूहळू सरकवत त्या मुळाकडे आल्या. मुळाकडे त्या बावीस वर्षांत कधी आल्याच नव्हत्या. कामाचं असतं ते टोक. मूळ मेणात रुतवायचं असतं.

मूळ टाचणीच्या डोक्यासारखं नव्हतं.

मावशींनी भिंग फिरवून नीट केलं. मुळाशी पातळ, पारदर्शक, चुरगळलेलं आवरण होतं. मोजा घातल्यासारखं.

"मावशी? मेण आहे का?"

मावशींनी पुन्हा भिंग फिरवलं. स्पिरिटमुळे असं दिसत असेल. भिजून फुगलं असेल. बावीस वर्षं ज्या प्रयोगशाळेत काढली तिथं एका थेंबावरून कुणी काही ठरवत नाही. शेजारी दुसरा थेंब ठेवतात, ताडून बघायला. त्यांनी स्वेटरच्या बाहीवर पडलेला आपलाच एक केस उचलला, गळलेला, आणि तोही स्पिरिटमध्ये बुडवून पट्टीवर ठेवला. मूळ गोल, कोरडं, पांढरं. मग त्यांनी भुवईतला एक केस चिमट्यात धरला आणि ओढला.

दुखलं. डोळ्यात टचकन पाणी येण्याइतकं दुखलं.

तोही बुडवला, तिसरा म्हणून शेजारी ठेवला. मोजा. नवऱ्याच्या केसाला होता तसाच, हुबेहूब.

"गळला नव्हता," मावशी म्हणाल्या.

"काय?"

"हे म्हणायचे, गळला होता, उचलून आणला. दर वेळी." त्यांचा आवाज चढायला लागला. "गळलेला नव्हता ग. उपटलेला आहे. उपटून आणायचे हे! मी एकदा म्हटलं होतं कापलेला चालत नाही, तर त्या बाजूला कात्रीच लावली नाही माणसानं. बावीस वर्षं. पन्नासेक केस तरी झाले असतील. ओठावरचा! इथला!" त्यांनी आपल्या ओठावर बोट दाबलं. "भुवईचा एक उपटला तर मला ब्रह्मांड आठवलं. आणि सगळे म्हणायचे डावी मिशी अशी का, तर वारा लागतो म्हणे. वारा! मीसुद्धा हसायचे. बाकावरच्या लोकांबरोबर मीसुद्धा हसायचे ग."

आणि मावशी रडायला लागल्या. नणंदेला हवं होतं तसं, पदर तोंडाशी धरून वगैरे नाही. आधी भुवई दुखत होती म्हणून पाणी आलं होतं, त्याच पाण्यामागून बाकीचं आलं. गळा फाडून, चेहरा वेडावाकडा करून, आलं तसं. त्यांना नवरा हवा होता. त्याला जाब विचारायला हवा होता. सांगितलं का नाहीत, एवढं विचारायचं होतं आणि चांगलं फैलावर घ्यायचं होतं. अकरा आठवड्यांत पहिल्यांदा तो नाही हे त्यांना दुखलं.

धांदल भांबावून उठली. तिनं मावशींच्या खांद्याला हात लावला, काढला, पुन्हा लावला. मग तिची नजर टेबलावर गेली आणि ती ओरडली, "मावशी, मागे! मागे व्हा, थेंब!"

आठ थेंब उघडे होते. डोळ्यांतल्या पाण्यातही प्रोटीन असतं, जंतूंची भिंत फोडणारं. कुठल्याही भलत्या थेंबात ते सगळ्यांच्या आधी स्फटिक होऊन बसतं. हेही नव्या पोरांना पहिल्या दिवशी मावशीच सांगायच्या.

मावशींनी स्टूल मागे ढकललं. रडता रडताच त्यांनी हातानं खूण केली, झाक, झाक. धांदलनं ट्रेवर झाकण घातलं आणि झाकणावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. मावशी भिंतीकडे तोंड करून रडत राहिल्या. थंड खोलीत त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. बराच वेळ लागला. धांदलनं घाई केली नाही.

मग मावशींनी बाहेर जाऊन तोंड धुतलं, कोपरापर्यंत हात धुतले आणि परत येऊन बसल्या. डोळे सुजले होते. मेणाची वडी गरम केली, केस मुळाकडून काचेच्या नळीत रुतवला, पक्का केला.

"तो आता घरी नाही का न्यायचा?" धांदलनं हळूच विचारलं.

"कामासाठी दिलाय," मावशी म्हणाल्या. "झाकण काढ."

टोक सुयांना लावून त्यांनी पहिल्या थेंबातून रेषा ओढली. या वेळी हात कापत होता. त्यांनी थांबून मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं आणि दुसऱ्या थेंबाकडे वळल्या. भुवई अजून ठणकत होती.